लिंबाने गिळलेले खिळे

बॉयलरची राख ओढताना गुरुशांतच्या दाताळ्याला काहीतरी खट्कन लागलं. दुसरा कुणी वाकूनही पाहता ना. पण हा बाबा चहा पितानाही आधी चमचा घालून तळ तपासणारा. वाकला. राखेतून एक खिळा वर आला. चार बोटं लांब, चपट्या डोक्याचा, जळून निळा पडलेला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा.

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात गुरुशांतची अर्धी हयात या भट्टीपाशी गेली होती. भिवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदा आश्चर्य. आज मात्र आश्चर्य खरं होतं. खिळे त्याने ओळखले. न ओळखून सांगतो कुणाला? त्यानेच तर ते गावी नेले होते!

त्याचं गाव होटगीच्या पलीकडे. बायको गुरम्मा आणि शेती तिकडे, हा शहरात खोली करून. सुट्टीला बाकीचे लोक गावी जाताना पेढे नेतात, खारी नेतात. गुरुशांत खिळे न्यायचा. कारखान्यात माल ठेवायच्या लाकडी फळ्या मोडल्या की खिळ्यांचा ढीग पडे. साहेबांना विचारून पिशवीभर खिळे घ्यायचे आणि येळवशीच्या आदल्या दिवशी गावात उतरायचं, हा त्याचा वर्षाचा मोठेपणा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. आंबिलीचं मडकं नि भाकरीची पिशवी भुईवर ठेवली तर कुत्री आणि मुंग्या आधी पंगतीला बसतात. म्हणून बांधावरच्या झाडाला खिळा ठोकायचा आणि टांगायचं. बायका पदर पसरून खिळे मागत आणि गुरुशांत दानशूर राजासारखा मुठीने वाटत असे.

आणि ती बांधावरची झाडंही याचीच करणी.

टॉवेल घेणारे परदेशी व्यापारी कुरकुर करू लागले की कोळसा जाळता, मग माल नको. मालकाने भट्टीत लाकूड घालायचं ठरवलं. पण सोलापुरात लाकूड आणायचं कुठून? तेवढ्यात मोहोळजवळच्या प्लायवूड मिलचा मालक उदयसिंह मिलमधली लाकडाची साल विकायला कारखान्यात आला. त्याचं रडगाणं वेगळंच. त्याला सरळ खोडं हवीत आणि ती लांबून आणताना कंबर मोडते. बॉयलरपाशी उभ्या उभ्या चहा पिताना गुरुशांत म्हणाला, "सरळ ते तुमी न्या की. वाकडं आन फांद्या आमाला द्या." झालं. मलबारी लिंबाची, म्हणजे कडुलिंबाच्या भावकीतल्या झाडाची, रोपं मिलने दिली, फांद्या घ्यायचा शब्द टॉवेलवाल्याने दिला, आणि गावाला पटवायचं काम गुरुशांतच्या गळ्यात पडलं. बांधावर लिंब, मधे ज्वारी. पानं शेरडांना.

गावाने झाडं लावली. एक रावजीतात्या सोडून. त्याची नि गुरुशांतची शेतं एका बांधाला लागून. "झाडाच्या सावलीत ज्वारी खुजी ऱ्हाती, पाखरं कणसं खात्यात," हे तो रोज पारावर सांगायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बांधालगतच्या ओळी जरा बारीक पडायच्याच. या झाडाच्या सावलीत कधी बूड टेकणार नाही, अशी तात्याने मारुतीसमोर शपथ घेतली होती. यंदा पहिली तोड झाली तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मिलनं माल माघारी धाडला, तर दुसऱ्या दिशी माजी कुऱ्हाड बांधावर." आणि चारचौघांनी माना डोलावल्या. त्यांचीही उरलेली झाडं या पहिल्या ट्रककडे डोळे लावून उभी होती.

ट्रक आज सकाळीच मिलला गेला होता. वाकडी खोडं तेवढी इकडे भट्टीला आली.

मलबारी लिंब भराभरा वाढतो. वर्षाच्या आत साल खिळ्यावर चढते आणि खिळा दिसेनासा होतो. म्हणूनच तर दरसाली नवे खिळे लागत! हे गुरुशांतच्या आता ध्यानात आलं. उदयसिंहने त्याला एकदा मिल दाखवली होती. खोड यंत्रावर गरगर फिरतं, लांब पातं त्याला भिडतं आणि लाकडाचा पातळ पापुद्रा निघत जातो. तेव्हा उदयसिंह म्हणाला होता, "ह्या पात्याखाली लोखंड येता कामा नये, अण्णा. पातं फुटलं की तुकडा गोळीसारखा सुटतो. समोर माणूस उभा असतो."

गुरुशांतने फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. यंत्र चालू झालं की त्या मिलमध्ये शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, फोन कुठला ऐकू येणार?

"बसू, भट्टी धर!"

बसू हा दुसऱ्या पाळीचा बॉयलरवाला, नुकताच हजेरी लावून डबा ठेवत होता. "तुमी? पाळी सोडून? कोण गेलं काय अण्णा?"

"अजून कोण गेलं न्हाय. म्हणूनच निघालोय."

"डाईंगवाले विचारले तर?"

"सांग, अण्णा खिळे गोळा करायला गेला."

"आता? येळवशीला वेळ हाय की अजून!"

गाडीला किक मारता मारता त्याने बायकोला फोन केला. "गुरम्मा, ज्यांनी ज्यांनी झाडाला खिळे ठोकले त्या समद्यांना टेम्पोत घाल आन मोहोळला मिलवर ये."

"खुळं लागलं का तुमास्नी? तूर काढायलोय आमी."

"तूर पळून जात न्हाय. खिळे लाकडात हायत गं!"

पलीकडे गुरम्माने वाद न घालता फोन ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं गुरुशांत पुढे सांगायचा.

शहरातून वाट काढत, बाळे गावाच्या पुढे हायवेला लागेपर्यंत त्याने किती जणांच्या शिव्या खाल्ल्या याची मोजदाद नाही. डोळ्यांपुढे एकच. खोड फिरतंय, पातं जवळ येतंय, समोर कुणीतरी उभं आहे.

मिलच्या शेडमध्ये शिरला तेव्हा खोड खरंच यंत्रावर चढलं होतं. टोकाला लाल रंगाचा ठिपका. लाल म्हणजे त्याचंच घर. कुणाचं खोड कुठलं ते कळावं म्हणून गावाने घराघराचे रंग लावून दिले होते. यंत्रावरचा माणूस वाकून पातं पुढे घेत होता. गुरुशांत ओरडला. कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा जन्मभर यंत्रांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने जे करावं तेच त्याने केलं. माणसाकडे न धावता भिंतीवरच्या लाल बटणाकडे धावला आणि त्यावर अख्खा तळहात मारला.

घरघर थांबली.

"अण्णा! कुणाला विचारून बंद केलं?" उदयसिंह केबिनमधून धावत आला.

गुरुशांतने खिशात हात घालून मूठ बाहेर काढली आणि उघडली. तिन्ही खिळे घामाने ओले झाले होते.

उदयसिंहने खिळ्यांकडे पाहिलं, मग खोडाकडे, मग यंत्रावरच्या माणसाकडे. तो माणूस दोन पावलं मागे सरकला होता.

"किती खोडांत?"

"ठाऊक न्हाय मालक."

"मग ट्रक वळवा. आत्ताच्या आत्ता."

ट्रक वळला की कुऱ्हाड. गुरुशांतने हात जोडले. "मालक, खिळा हात पोचतो तितंच असणार. बुंध्याचा तेवढा तुकडा कापून काढू. तो मी भट्टीत घालतो, मला राखेत खिळा चालतोय. बाकी खोड तुमचं."

"कुणाचा हात किती पोचतो, ते मी कसं सांगू?"

"हात यायलेत. टेम्पोत हायत."

उदयसिंहला हसू आलं असावं, पण त्याने ते दाखवलं नाही. "आज संध्याकाळपर्यंत. पण एक जरी खिळा पात्याला लागला, तर तुमच्या गावचं लाकूड ह्या फाटकातून पुन्हा आत येणार नाही. आणि माझ्या माणसाला काही झालं तर..."

टेम्पो आला. पुढे गुरम्मा, मागे तुरीचा कचरा केसांत तसाच घेऊन आलेल्या बायका, आणि सगळ्यात शेवटी, हातात काठी, रावजीतात्या. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माल माघारी आल्याची बातमी पारावर पहिल्यांदा आपणच फोडावी, एवढाच त्याचा हेतू. त्याने एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळवली आणि नाटकाला आल्यासारखा बसला.

मिलच्या भिंतीपाशी एकेक बाई उभी राहिली. मडकं टांगताना करायची तसा हात वर, आणि बोटांच्या टोकाशी खडूची खूण. पंज्याच्या वर वीतभर, खाली वीतभर, तेवढा भाग त्या घराच्या रंगाच्या बुंध्यातून कापायचा.

"सारजाबाई, टाचा खाली!" गुरम्मा ओरडली. "मडकं टांगताना नाचत हुतीस का?"

"मडकं न्हाय गं, ह्यांचा डबा. वर टांगावा लागतोय, न्हाईतर आदीच खात्यात."

हसू फुटलं, तोवर करवत चालू झाली. तुकडे बाजूला पडू लागले. एक फोडून पाहिला, आत काळ्या डागाच्या मधोमध खिळा. बायका "अगंबाई" म्हणून मागे सरल्या. मग पहिलं खोड यंत्रावर चढलं. पातं भिडलं आणि पांढराशुभ्र पापुद्रा निघाला, मागावरून कापड उतरावं तसा, लांबच लांब. दुसरं खोड गेलं. तिसरं. प्रत्येक वेळी गुरुशांत लाल बटणावर हात ठेवून उभा.

शेवटी निळ्या ठिपक्याचं खोड राहिलं. लावलेलं गुरुशांतनेच, पण सामायिक बांधावरचं, तात्याच्या बाजूचं, म्हणून त्याला वेगळा रंग.

"याला खूण न्हाय," उदयसिंह म्हणाला. "याला कुणी टांगलं?"

"कोण टांगणार?" गुरम्मा म्हणाली. "आमची कोप त्या अंगाला न्हाय. आन तात्यांची तर शपथ हाय."

सगळ्यांनी तात्याकडे पाहिलं. तात्या काठीच्या मुठीकडे बघत होता.

खोड चढवलं. यंत्र घरघरलं. यंत्रावरचा माणूस पुन्हा वाकला. पातं हळूहळू सरकू लागलं. तात्याला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, आणि त्याने जे वर्षानुवर्षं पारावर सांगितलं ते आपोआप खरं होणार होतं. काठी त्याने दोन्ही हातांनी धरली. सोडली. पुन्हा धरली.

"थांबव! गुरुशांत, थांबव त्येला!"

यंत्रापुढे आवाज ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण गुरुशांत त्याच्याच तोंडाकडे बघत होता. हात बटणावर आदळला.

यंत्र थांबलं. तात्या उभा होता, काठी खाली पडलेली.

"त्येच्यात माजा खिळा हाय," तो म्हणाला. "रेडूसाठी, गानी ऐकायला. बैलगाडीवर चढून ठोकला. लई वर हाय, हितं हात पुरायचा न्हाय."

गुरम्माने कमरेवर हात ठेवले. "आवो तात्या! तुमी तर सावलीत बसत न्हाय की!"

"बसलो न्हाय." तात्याने मान ताठ केली. "निजलो हुतो."

बायकांचा हसण्याचा जो गलका झाला तो यंत्रालाही ऐकू गेला असता. उदयसिंहने त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तात्याला उभं केलं, खुर्ची नि बैलगाडी यांच्या उंचीतला फरक धरून भिंतीवर खूण केली. सगळ्यांच्या वर, एकटीच. तुकडा कापून फोडला तर आत एक नाही, दोन खिळे. "एक पिशवीचा," तात्या पुटपुटला. यंत्रावरच्या माणसाने ते दोन्ही खिळे हातात घेऊन पाहिले आणि तो तात्याच्या पाया पडला. तात्या एवढा गडबडला की खुर्चीवरून उतरायचंच विसरला.

खोड गेलं. पापुद्रा अखंड निघाला.

"पुढचा ट्रक कधी?" उदयसिंहने विचारलं. गुरुशांतने उत्तर द्यायच्या आधी तात्याकडे बघितलं. तात्या काठी शोधण्यात गुंतला होता.

यंदाच्या येळवशीला गुरुशांत गावात उतरला तेव्हा तात्या पारावरून उठून आडवा आला. "पिशवी दाव."

"तात्या, घरी तर जाऊ द्या."

"आदी दाव!"

पिशवीत खिळा नव्हता. टॉवेलचे काठ कापून उरलेल्या पट्ट्या पिळून केलेल्या दोऱ्या होत्या, रंगीबेरंगी. बायका नेहमीसारख्या पदर पसरून आल्या. तात्याने मात्र सगळ्यांच्या आधी हात घातला, एकेक दोरी ताणून बघितली आणि सगळ्यात लांब ती निवडली.

"एवडी लांब कशाला वो?" गुरम्माने खडा टाकला. "आता गाडीवर चढायचं वय हाय का तुमचं?"

"चढनार न्हाय," दोरी खांद्यावर टाकत तात्या म्हणाला, "फांदीवरनं फेकनार हाय."