रद्द झालेल्या मतदारसंघाची यादी

निवडणुकीचा विषय निघाला की आमच्या पोलीस खात्यातल्या माणसांना बंदोबस्त आणि हाणामाऱ्या आठवतात. मला मात्र एक जुनी मतदार यादी आठवते, आणि अजूनही थोडी शरम वाटते.

तेव्हा मी खराडी भागात निरीक्षक होतो. शेतं जाऊन आयटी कंपन्यांच्या इमारती उठत होत्या. त्यांच्या मागे बौद्ध कुटुंबांची एक जुनी वस्ती होती. तिचं पुनर्वसन होणार होतं. ठरलेल्या सालच्या मतदार यादीत ज्याचं नाव, त्याला पक्कं घर, असा नियम होता. एका सकाळी कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा ठाण्यात आले.

"साहेब, माझा जन्म तिथला. पण यादीत मी नाही, माझे शेजारी नाहीत. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, ते आहेत. महिन्याभरात घर पाडणार म्हणतात."

यादीची नक्कल एका एजंटाने पुनर्वसन कार्यालयात दिली होती. ती मी मागवून घेतली. शिक्का होता, सही होती. मूळ यादीसाठी मी निवडणूक शाखेला पत्र पाठवलं. उत्तर आलं, 'सदर यादी दप्तरात आढळून येत नाही.' मी आजोबांना "बघू" म्हणालो. पोलिसाच्या 'बघू'चा अर्थ त्यांना ठाऊक होता. तरी ते रोज दहाच्या ठोक्याला येऊन बाकावर बसायचे.

आठवड्याने नारायण पेठेतल्या एका छापखानेवाल्यांचा फोन आला.

"अहो, आपल्याला सवड असेल तर सांगतो. एक गृहस्थ पिवळट कोरे कागद घेऊन आलेत. तुमच्या खराडीची जुनी मतदार यादी नव्याने छापून हवी आहे म्हणे. लग्नपत्रिका असती तर विचारलं नसतं."

गृहस्थ म्हणजे तोच एजंट निघाला. त्याला चौकशीला आणलं. कडक इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल, आणि तोंडात एकच पालुपद.

"एक पान फाटलं होतं साहेब, तेवढंच छापत होतो. शिक्का बघा ना!"

दोन तास गेले. हात उगारून मिळालेला जबाब कोर्टात टिकत नाही, हे मी फार लवकर शिकलो होतो. त्याला खोटं पाडायला मूळ यादी हवी होती, आणि तीच सापडत नव्हती.

जबाब लिहून घेणारे हवालदार त्याच भागातले, शेतकरी घरातले. ती नक्कल इतके दिवस माझ्या खणात होती. त्यांनी ती प्रथमच हातात घेतली आणि वरची ओळ वाचून थांबले.

"साहेब, ह्यो कागद खोटा हाय."

"कशावरून?"

"वर पुण्याचा मतदारसंघ लिवलाय. त्या साली आमी पुण्यात मत देत नव्हतो. आमचा मतदारसंघ येगळा हुता. फेररचनेत त्यो रद्द झाला. माझ्या बापानं आख्खी हयात तिथंच मत दिलं."

एजंटाचा चेहरा खर्रकन उतरला. तो बाहेरून आलेला. आजचा मतदारसंघ त्याने जुन्या सालावर चिकटवला होता. आणि मीही तेच नाव पत्रात उतरवल्यामुळे निवडणूक शाखेने भलतंच दप्तर उपसलं होतं. मग शिक्का कुठे बनवला, नावं कुणाची घुसवली, हे तो तासाभरात सांगून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या रद्द मतदारसंघाचं दप्तर सोडवलं. यादी जशीच्या तशी होती. वस्तीतलं प्रत्येक घर तिच्यात होतं.

आयुष्यभर मी लोकांना गाव विचारत आलो, पण शेजारच्या टेबलावरच्या हवालदाराला कधी विचारलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुढे ज्या ठाण्यात गेलो, तिथे आधी तिथल्या जुन्या शिपायाला चहाला बसवायचो.

पुनर्वसन कार्यालयाच्या फेरसुनावणीला मी गेलो होतो. अधिकारी मूळ यादीतून नावं वाचत होते, आणि एकेक जण "हजर" म्हणत होता. आजोबांचं नाव झालं. मग त्यांच्या पत्नीचं नाव आलं. आजोबा पुन्हा उभे राहिले.

"ती आता नाही, साहेब. पण नाव आहे ना यादीत? एकदा परत वाचता का?"

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि ते नाव परत, सावकाश वाचलं.