जिन्याच्या वळणावर थांबलेला वॉलपेपर

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मी आमच्या जळगावच्या घरातल्या जिन्याकडे बघणं टाळतेय.

आम्ही खाली राहतो, दीर-जाऊ वर. रविवारी घरात कानबाई देवी बसणार, रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद येणार, म्हणून मागच्या आठवड्यात मी जिन्याच्या आमच्या बाजूच्या, वळणापर्यंतच्या भिंतीला हौसेने पिस्ता रंग लावून घेतला. सगळ्यांनी कौतुक केलं.

आज जावेने वरून वॉलपेपर लावायला घेतला. केळीची हिरवी पानं, मधे सोनेरी पक्षी. कारागिराने पायऱ्यांवर फळी टाकून पानाला पान असं जुळवलं, की जोड शोधूनही सापडेना. मी शोधला.

वळणाशी आल्यावर जाऊ म्हणाली, "अक्का, कागद उरलाय. तुमच्या बाजूलाही लावून टाकू?"

मी म्हटलं, "नको गं. मला असलं चकचकीत नाही आवडत."

ती 'बरं' म्हणाली. कारागीर फळी घेऊन निघून गेला.

आता वर केळीची बाग आणि खाली माझा पिस्ता रंग, जो अचानक दवाखान्यासारखा दिसायला लागलाय. सासूबाई पारोळ्याच्या. त्यांनी खालून बघून विचारलंच, "घर एक शे, मंग जिना दोन रंगना का बरं?"

जाऊ अगदी मनापासून म्हणाली, "अक्कांना साधंच आवडतं."

उरलेला कागद तिने माळ्यावर ठेवलाय. रविवारच्या आत तिने मला पुन्हा एकदा विचारावं, यासाठी काय करता येईल? मी तोंडाने मागणं सोडून काहीही सुचवा.