स्पीडब्रेकरवरचा आवाज

नाहूरला आमच्या सोसायटीच्या गेटात एक स्पीडब्रेकर आहे. दादाची लाल गाडी त्यावरून आली की पुढच्या डाव्या चाकापाशी दोनदा वाजायचं. ठक्, ठक्. की तिसऱ्या मजल्यावर आई गॅस पेटवायची. दादा वर येईपर्यंत चहाला उकळी.

दादाला जाऊन दीड वर्ष झालं. गाडी माझ्याकडे आली. दिसायला छोटी, पण इंजिन तिच्या मापाला न शोभणारं. बारा-तेरा वर्षांची झाली तरी हायवेवर भल्याभल्यांना मागे टाकते. मला तिच्यातलं एवढंच कळायचं की पेट्रोल कुठून घालतात. तरी मी ती ऑफिसला नेऊ लागलो, आणि रोज साडेसहाला तोच प्रकार. ठक्, ठक्. मी दारात पोचायच्या आत चहाचा वास. आई दार उघडायची, आणि तिची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे जायची. मग खात्री करून घेतल्यासारखं म्हणायची, "तू मां? ये."

तो क्षण मला सोसेना. रोज आईला फसवतोय असं वाटायला लागलं, म्हणून आवाजच काढून टाकायचं ठरवलं. गॅरेजात नेऊन? छे. दादाने तिला दुसऱ्याचा हात कधी लागू दिला नव्हता. त्याचे पाने होते, माझ्या मोबाइलवर व्हिडिओ होते. वाट लागायला आणखी काय हवं?

आई आधी नारळ घेऊन खाली उतरली. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ते दादा घालायचा. मला येत नाही, म्हणून तिनेच घातलं. मी म्हटलं, "आवाज जाऊ दे म्हणून सांग." तिने बॉनेटसमोर डोक्यावर पदर घेतला. "बा देवा म्हाराजा, ही गाडी रोज जशी घराक येता, तशीच येऊंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि पहिल्या मजल्यावरचे काका एका सुरात ओरडलो. आवाजाचं तिने नावच काढलं नव्हतं. माझं लक्ष पान्यावर होतं.

पहिल्या रविवारी मी मोठ्या तयारीने चाक काढलं. उजवं. दुसऱ्या रविवारी डाव्या चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलले, सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले आणि गाडी जॅकवरून उतरवली. ती एक बाजू वर उचलून उभी राहिली, खांबाजवळच्या कुत्र्यासारखी.

काका गिरणीतले निवृत्त फिटर. लेंगा सावरत आले, वाकून बघितलं. "चाक लोंबकळत असताना आवळलंस?"

"मग कधी आवळायचं?"

"अरे यार, गाडी आधी चार पायांवर उभी कर, वजन येऊ दे, मग आवळ. रबर पिळलंस ना सगळं! दादाला बघून काय शिकलास?"

"चहा प्यायला."

काका हसले नाहीत. त्यांनी बोल्ट सैल करून घेतले, गाडी बसवली, पुन्हा आवळायला लावले. आवाज मात्र तसाच. तिसऱ्या रविवारी कळलं, दोषी होता लिंक रॉड, वीतभर लांबीचा दांडा. "याने धोका काही नाही," काका म्हणाले, "नुसता वाजतो." मी नवा बसवला. जुना टाकवेना, म्हणून दादाच्याच पत्र्याच्या डब्यात ठेवला.

सोमवारी स्पीडब्रेकरवरून गाडी लोण्यासारखी आली. झकास! मी शीळ घालत जिना चढलो आणि बेल वाजवली.

"तू कसो इलंस?" आई दचकली. "गाडी खंय?"

गॅस बंद होता. चहा त्या दिवशी मीच केला. मंगळवारीही. बुधवारी ती खिडकीतच बसून होती, दिवेलागणी झाली तरी देवापुढे दिवा नाही. मी म्हटलं, "आई, मी कधीचा आलोय. गाडी खालीच आहे."

"दिसता माका."

"मग कुणाची वाट बघतेस?"

तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तो येवचो नाय, ता काय माका कळना नाय? पण आवाज तरी येय होतो रे, झिला."

मी दादाचा डबा घेऊन खाली गेलो. काका गॅलरीत होते. माझ्या हातातला जुना दांडा त्यांनी पाहिला आणि टोमणा मारायचा सोडून टॉर्च घेऊन आले. या वेळी चाक बरोबर डावंच काढलं.

गुरुवारी साडेसहाला ठक्, ठक्. वर आलो तर चहाला उकळी होती. आईची नजर जिन्याकडे गेली, परत आली. "तू मां? ये." मी आत गेलो.

हे सांगणं एवढ्यावर थांबवलं असतं, पण परवाच्या रविवारी मी घरीच होतो. गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला. साडेसहा वाजले आणि गेटातून आवाज आला. ठक्, ठक्. मी खिडकीतून वाकून बघितलं. लाल गाडी तिच्या जागेवर, कव्हर घालून, तशीच. गेटात कुणी नाही. दुसऱ्या कुणाचा तरी लिंक रॉड गेला असेल. जुन्या गाड्या काय कमी आहेत सोसायटीत?

मागे वळलो तर आईने गॅस पेटवला होता. मी फडताळातून तीन कप काढले.