साहेबांचा अर्ज आणि ‘तक्रार नाही’

आमच्या घरात करणी, उतारा, अंगात येणं असल्या गोष्टींना थारा नाही. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी हे लिहितोय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरच्या एका सरकारी ऑफिसात मी रोजंदारीवर कॉम्प्युटर चालवत होतो. लोकांचे अर्ज जसेच्या तसे टाइप करायचे. मशीन ठराविक शब्द पाहून शेरा मारायचं. ‘पंप’ असेल तर पाणी, ‘पट्टा’ असेल तर जमीन. आणि कुठंही ‘ठीक’ आलं की — तक्रार नाही, अर्ज बंद. शब्दांची यादी साहेबांनी स्वतः केलेली.

आता आमच्याकडच्या अर्जाची सुरुवातच अशी — ‘आपल्या मेहेरबानीनं सगळं ठीक आहे.’ गाऱ्हाणं त्याच्या खाली. माझ्या सुभद्रा मावशीच्या वस्तीत पंपाला घाण वासाचं पाणी येत होतं. तिचा अर्ज तीनदा बंद झाला. मी साहेबांना सांगायला गेलो.

“डिग्रीवाले, मशीन से ज्यादा अकल है क्या तेरे कू?”

सगळं ऑफिस हसलं. नोकरी जाईल म्हणून मी परत मशीनपाशी जाऊन बसलो. तो एक शब्द गाळून टाइप करायचीही हिंमत झाली नाही.

महिन्याभरात मावशीची नात जुलाबानं गेली.

मावशी ऑफिसात आली. रडली नाही. साहेबांना म्हणाली, “आता तुमचं बी समदं ठीकच राहीन, साहेब. कोनी इचारालेबी येनार नाही.” मग माझ्याकडं वळली. “अन् तू काऊन शिकला रे?”

वर्ष झालं नाही तोच साहेबांना लकवा मारला. हैदराबादला उपचार व्हावेत म्हणून त्यांनी बदली मागितली. स्टाफचे अर्जही मशीनमधूनच जावेत, हा त्यांचाच हुकूम. इंग्रजीत चार ओळी. यादीतला एकही शब्द नाही. स्क्रीनवर आलं — तक्रार नाही, अर्ज बंद.

पुन्हा टाइप केला. तेच. यादीतून ‘ठीक’ काढून टाकला. तरी तेच. त्याच दिवशी बाकीच्यांचे अर्ज मात्र बरोबर लागले.

साहेब वाकड्या तोंडानं म्हणाले, “बाबू, देखो ना जरा.” मला बाबू म्हणाले ते पहिल्यांदाच.

कागद हातानं आदिलाबादच्या जिल्हा ऑफिसात पोचवता आला असता. तशी सोय होती, बसही होती. “पाहून राह्यलो, सर,” म्हणालो, आणि पंधरा दिवस नुसता पाहत राहिलो. त्यांचा डावा हात गेला तो गेलाच.

मशीननं तसं का केलं, ते आजही कळलेलं नाही. मी का केलं ते मला माहीत आहे.