शेवटचा टाका

गारखेड्यात दुचाकीच्या सीटा शिवणाऱ्या त्या कारागिराचं नाव मी विचारलंच नाही. आमच्या पथनाट्यात मी दोनशे वर्षांनंतरची, यंत्रांशी लढणारी सैनिक होते. फोमचं चिलखत मी घरीच कापून रंगवलं होतं. फक्त पट्टे शिवायचे राहिले होते, आणि प्रयोग त्याच संध्याकाळी होता.

गिऱ्हाइकानं सीटवर बसून बघितल्याशिवाय तो शेवटचा टाका घालत नसे. मलाही त्यानं चिलखत चढवायला लावलं. मेण लावलेला दोरा कानामागं अडकवून, सीट थोपटावी तसा माझा खांदा थोपटला.

"बेटा, नाटकात करायचंय ते इथं करून दाखव."

मी घोषणा देत मूठ उगारली. हात कानापर्यंतही गेला नाही. खांद्यावरचा रुंद तुकडा आडवा येत होता.

"एवढा मोठा कशाला केला?"

"त्यावर घोषणा लिहिलीय, काका."

तो हसला. "लई भारी लिहिलंय. पण तुझा हातच वर जाईना, मंग लोकं ते वाचून काय करतील?"

आमच्या गटाच्या पत्रकातला एक शब्द कुणी खोडला तरी मी भांडत असे. त्या दिवशी मात्र "कापा" म्हटलं. त्यानं सुरी फिरवली आणि अर्धी घोषणा कातरणात पडली. माझी मूठ सरळ वर गेली.

मग त्यानं शेवटचा टाका घातला.