पंख्यासमोर जोडलेला जिना

आमच्या चिरंजीवांनी जोडलेला लोखंडी जिना उद्या शाळेच्या मागच्या भिंतीला बसणार आहे, आणि इकडे माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

चिरंजीव वेल्डर. सहा महिन्यांपूर्वी कसलासा कोर्स करून आले, तेव्हापासून आमच्या जेवणात भाजी कमी आणि प्रवचन जास्त. "आई, रॉडचं वेल्डिंग म्हणजे बैलगाडी गं! ही तार पोकळ, पोटात पावडर, शिवाय सिलिंडरचा गॅस. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून डबल बंदोबस्त! सारखा रॉड बदलायला नको, जोड खोल जातो, वरची खपली टकटक केली की सुटते. काम दुप्पट!" हे सगळं खरं आहे. त्याच्या वर्कशॉपच्या मालकांनी या तारेचं मशीन घेतलं ते त्याच्याच शब्दावर.

पण साहेबांना उकडतं. शाळेतही पंख्याखालचा बाक मिळाला नाही म्हणून दोन दिवस रुसून बसला होता. जिना जोडताना त्यानं शेडमधला उभा पंखा सरळ अंगावर घेतला.

आज संध्याकाळी कामावरून उरलेला एक तुकडा घेऊन आला. म्हणे, "तुझे कागद दाबायला." जोडाकडे पाहिलं तर वाळवी लागल्यासारखी भोकं.

"हे काय रे?"

"पंख्यानं गॅस उडतो, मग पडतात भोकं."

"मग पंखा बंद करायचास!"

"पावडर आहे ना आत! डबल बंदोबस्त म्हणजे एक गेला तरी एक राहतो."

"जिन्यालाही अशीच भोकं आहेत?"

"वरच्या टप्प्याला. ग्राइंडर मारला, पुट्टी भरली, रंग दिला. काय देखणा दिसतोय! मालकांना पत्ता नाही. तू बोललीस तर माझी नोकरी जाईल हं."

इतका शिकला आणि दोन्ही मिळून एकच बंदोबस्त असतो, एवढं कळलं नाही. की कळलं होतं, पण उकडत होतं?

मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. घंटा झाल्यावर मुलं जिना उतरत नाहीत, सांडतात. वरच्या टप्प्यावर तर चाळीस-चाळीस जण एकमेकांना ढकलत उभे असतात.

चिरंजीव आत पाचवर पंखा लावून घोरताहेत. जिना सातला ट्रकवर चढेल. मालक सहाला उठतात. सहाच्या ठोक्याला मी त्यांना फोन करणार. नोकरी गेली तर बसेल घरी. पंखा आहेच.