ऑरिनचं दोन गॅलन पाणी

ऑरिन टॅकेट पाण्याच्या बाबतीत येडा होता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नेवाडाच्या कोरड्या डोंगरात शिकारीला निघालेला माणूस पाठीवर गॅलनभर, म्हणजे चारेक लिटर, पाणी घेतो. ऑरिन दोन घ्यायचा. चढावर त्याच्या सॅकमधलं पाणी डुचमळायचं आणि मी मागून म्हणायचो, "हरणांनो पळा, टँकर आला." तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. चौतीस वर्षं खाणीतले डंपर दुरुस्त करून त्याच्या अंगी भलताच धीर मुरला होता. सत्तावीस वर्षं आम्ही जोडीनं हिंडलो, आणि निम्म्या वेळा उतरताना मी त्याचंच पाणी प्यायलो. ते कबूल करायला माझी जीभ कधी वळली नाही.

ओझ्याचा मला कंटाळा. म्हणून दर जूनमध्ये मी दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन पाण्यानं भरून वाटेवरच्या खिंडीत दगडांखाली लपवून यायचो. पुष्कळ जण तसं करतात. हे पातळ कॅन टिकत नाहीत, जाड घे, असं ऑरिन दरवर्षी सांगायचा. मी कशाला ऐकतोय? फुकट मिळत होते ना.

त्या ऑगस्टात, धनुष्यबाणाच्या शिकारीच्या हंगामात, ऑरिननं खिंडीपलीकडच्या दरीत एक दांडगं नर हरीण पाडलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन तेव्हाच चटके देत होतं. अशा उन्हात मांस टिकत नाही, आणि शिकारीचं मांस नासवणं आमच्यात चोरीपेक्षा वाईट. दोन खेपांना वेळ नव्हता; एकाच खेपेत सगळं न्यायचं तर बाकीचं ओझं कमी करायला हवं होतं. ऑरिन मांस सोडवून कापडी पिशव्यांत भरत होता, तेवढ्यात मी त्याच्या सॅकमधलं पाणी काढलं आणि मातीत ओतलं. माझंही ओतलं. चार लहान बाटल्या तेवढ्या ठेवल्या, दोघांना दोन-दोन.

"डेल, हे काय केलंस?"

"खिंडीत सहा गॅलन ठेवलंय मी, म्हाताऱ्या. उचल."

खिंडीत पोचेपर्यंत तीन बाटल्या संपल्या होत्या, असं मला वाटतं. माझ्या दोन्ही संपल्या होत्या, हे नक्की. दगड बाजूला केले, तर उंदरांनी सगळे कॅन तळाशी कुरतडलेले. घोटभरसुद्धा पाणी नव्हतं. मी उंदरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ऑरिन मला एका शब्दानं बोलला नाही. बोलायला हवं होतं त्यानं.

तासाभरात त्याचे पाय लटपटायला लागले, घाम यायचा थांबला. मी त्याला एका ज्युनिपरच्या झाडाच्या सावलीत टेकवलं. गाडी अजून पाच मैल खाली होती. त्यानं एक पूर्ण भरलेली बाटली माझ्या हातात कोंबली.

"माझ्याकडे अजून एक आहे," तो म्हणाला. "चालायचं तुला आहे."

मी ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

माणसं घेऊन परतलो तेव्हा त्याचा जीव गेला होता. सॅकमध्ये मांस होतं आणि एक रिकामी बाटली.

विचारणाऱ्यांना मी सांगितलं, पाणी संपलं. बाकीचं गावानंच रचलं. ऑरिनचं वय झालं होतं, पाणी कमी घेतलं, अंगाशी आलं. कहर म्हणजे दर वसंतात नव्या शिकाऱ्यांचा वर्ग भरतो, तिथं शिकवणारा गृहस्थ पाण्याची पिशवी वर धरून बजावायचा, ऑरिन टॅकेटसारखं करू नका. ऑरिनसारखं! आणि मी, भित्रा कुठला, मागच्या बाकावर कॉफी पीत ऐकायचो. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवेना. कप तिथंच ठेवला आणि तडक त्याच्या बायकोकडे, व्हर्नाकडे गेलो.

ती स्वयंपाकघरात राजमा निवडत बसली होती. मी दारातूनच सांगून टाकलं. तो दोन गॅलन घेऊनच निघाला होता, नेहमीसारखा. ओतलं मी. वाटलं, भांडं फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दोन गॅलन होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"अडीच वर्षं त्याच्यावर चिडून आहे मी, डेल. थडग्यावर एकदाच गेले, तेही भांडायला."

राजमा तसाच टाकून ती गाडीची किल्ली शोधायला लागली. किल्ली समोर टेबलावरच होती, पण तिला दिसेना.